जमुना आत्याची ओवाळणी

नारळी पौर्णिमेला बहिणीच्या दारात रिकाम्या हातानं उभं राहायचं नाही, हा सितारामचा जन्माचा शिरस्ता. सिडकोत जमीन गेली त्या सालीसुद्धा त्यानं जमुनेला लुगडं नेलं होतं. पंच्याऐंशीच्या पौर्णिमेलाही पिशवीत हिरवं लुगडं होतं. पण या खेपेला द्यायचं कमी आणि मागायचं जास्त होतं, आणि शिरवण्याहून सारसोळ्याच्या वाटेला लागलेल्या चौघांनाही ते ठाऊक होतं. म्हणून कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं.

पुढे सिताराम, मागे त्याची बायको शांती, मग थोरला जयदेव आणि सगळ्यात शेवटी दिलीप. दिलीप म्हणजे घरातला इंजिनीअर. कॉलेजची दोन वर्षं झाली होती, अजून दोन व्हायची होती, पण गावानं तेवढं थांबायचं कशाला? त्याच्या प्रवेशासाठी ज्या दिवशी होडी विकली त्याच दिवशी शिरवण्यानं त्याला इंजिनीअर करून टाकलं. कोणाचा रेडिओ खरखरला की दिलीप, कोणाचा पंखा अडला की ‘दिलीप सुट्टीवर कवा येतोय?’ तो दर सुट्टीत नवी सबब काढायचा. परीक्षा आहे, डोकं दुखतंय, हत्यारं हॉस्टेलवर राहिली. या सबबी आता त्याच्या त्यालाच पाठ झाल्या होत्या.

बारावीला त्याचे मार्क चांगले होते, पण सरकारी कॉलेजची यादी त्याच्या थोडी आधीच थांबली. नेमकी तेव्हाच नवी कॉलेजं निघायला लागली होती. कोणी पुढारी संस्था काढायचा, देणगी घ्यायचा आणि जागा द्यायचा. घाटावर अशाच एका साहेबांचं कॉलेज निघालं. साहेबांनी स्वतः हसत हसत सितारामला चहा पाजला, खांद्यावर हात ठेवला आणि गरिबांच्या पोरांसाठीच हा यज्ञ मांडलाय असं सांगितलं. सिताराम विरघळला. यज्ञात काय काय टाकावं लागतं ते त्याला घरी आल्यावर कळलं. जमिनीचे पैसे कधीच उडाले होते, उरली होती होडी. ती परक्याच्या हातात जाऊ नये म्हणून सारसोळ्याच्या विधवा बहिणीनं, जमुनेनं, घासाघीस न करता घेतली. त्या दिवसापासून सितारामनं होडीवर पाय ठेवला नाही. संध्याकाळी सारसोळ्याच्या बंदरावर जायचा, होडीकडे बघत उभ्या उभ्या चहा प्यायचा आणि परत फिरायचा. विकलेल्या वस्तूवर बसायचं नाही, म्हणायचा.

नेरूळच्या उंचवट्यावर जयदेवनं पावलं आखडती घेतली आणि तो दिलीपच्या जोडीला आला. खाली जिथे त्यांचं भाताचं खाजण होतं तिथे आता सेक्टरची पाटी होती आणि अर्ध्यावर आलेल्या इमारतींच्या सळ्या. जयदेव बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कंपनीत हेल्पर होता. बोलायला लागला की तोंडावर बोलायचा.

“बाबा आत्याच्या पाटल्या मागनार हाईत,” तो म्हणाला. “तुज्या कालेजच्या नव्या निधीसाठी. म्हाईत हाय ना?”

दिलीपनं मान हलवली. तिसऱ्या वर्षाला बसायचं तर प्रत्येकानं विकास निधी भरावा, अशी नोटीस हॉस्टेलच्या दारावर लागली होती. कसला विकास, ते कोणी विचारलं नव्हतं.

“आत्याच्या मालकांनी मरायच्या आधी केल्या होत्या त्या. तिच्याकडं दुसरं काय बी नाय. माजं कोन ऐकनार घरात? तू बोल. तू नको म्हन, म्हंजे बाबा मागनार नाय.”

“बोलतो,” दिलीप म्हणाला, पण बोलायचं म्हणजे नुसतं पाटल्या नको एवढंच बोलून भागणार नव्हतं. का नको, तेही सांगावं लागणार होतं.

दिलीपला मनापासून शिकायचं होतं, हीच यातली वाईट गोष्ट. न शिकणारा पोरगा तिथे मजेत होता. वर्ग भरायचे साखर कारखान्याच्या जुन्या गोदामात, मळीचा वास वह्यांना लागायचा. शिकवायला येणारे सर नुकतेच पास झालेले, पगार थकला की एके सकाळी ट्रंक उचलून निघून जायचे. वर्कशॉप म्हणून पत्र्याची एक शेड होती आणि शेडला कुलूप. पहिल्या वर्षी तपासणीची समिती येणार म्हणून ती एकदा उघडली. भाड्याची दोन लेथ मशीनं आत आली, पोरांना खाकी डगले चढवले, फोटोवाला आला. दिलीप मशीनच्या चाकावर हात ठेवून उभा राहिला. ते चाक एकदा फिरवून बघू का, असं त्यानं विचारलं, तर शिपाई म्हणाला, हात लावलास तेवढा पुरे, भाड्याचं आहे. समिती जेवून गेली, टेम्पो आला, मशीनं गेली. नंतर कितीतरी दुपारी दिलीप त्या शेडच्या फटीला डोळा लावून उभा राहायचा. आत रिकामी फरशी आणि तेलाचे दोन डाग.

तो फोटो त्यानंच घरी पाठवला. घरी पाठवण्याजोगं दुसरं होतं तरी काय? सितारामनं त्याला चौकट केली आणि देवांच्या शेजारी लावला. शांती रोज देवांना फूल वाहताना एक पाकळी तिथेही ठेवायची.

जमुनेचं घर बंदराला लागून होतं. दारात रांगोळी, आत नारळीभाताचा वास. तिचा मुलगा किसन वाशीच्या कांदाबटाट्याच्या बाजारात नोकरीला लागला होता, सणाची सुट्टी घेऊन ओट्यावर बसला होता. खाडीत आता कंपन्यांचं पाणी येतं, मासळी कुठे राहिली, असं तो म्हणायचा, आणि त्यात खोटं काही नव्हतं. होडी दोन वर्षं त्यानं कशीबशी चालवली. शिमग्यानंतर इंजिन बंद पडलं आणि त्यानं त्याचं नावच सोडलं.

पाट मांडला. सिताराम टोपी सारखी करून बसला. जमुनेनं त्याला कुंकू लावलं, ओवाळलं, राखी बांधली. शांतीनं पिशवीतून लुगडं काढून नवऱ्याच्या हातात दिलं. सितारामनं ते पुढे केलं, आणि जमुनेनं हात मागे घेतला.

“आवंदा मना लुगडं नको, दादूस.”

सितारामचा चेहरा उतरला. बहिणीनं ओवाळणी नाकारणं म्हणजे काय, हे सांगायला नको. पण जमुना हसत होती.

“रागावू नको रे. मना दुसरं कायतरी पायजे. तुज्या घरात इंजिनेर हाय. त्याच्या हातानं माज्या होडीचं मशीन चालू करून दे. भरतीला नारल सोडायचा तो मशीनवर जाऊन. हीच माजी ओवाळनी.”

सिताराम नुसता फुलला. त्याला वाटलं, देवानंच बहिणीच्या तोंडातून हे बोलवलं. पोराच्या हातानं मशीन चालू होईल, बहीण डोळ्यांनी बघेल, मग पाटल्यांचा विषय काढायलाही तोंड राहील. त्यानं दिलीपकडे पाहिलं ते असं, की जणू त्यानं आयुष्यभर काही मागितलंच नव्हतं आणि आता एवढंच मागतोय. शांतीनं पदर डोळ्यांना लावला. जयदेव मात्र भावाच्या तोंडाकडे बघत होता.

दिलीप नाही म्हणू शकला असता. तेवढा एक क्षण त्याच्यापाशी होता. पण खरं सांगायचं तर त्याच्या मनात एक वेडी आशा उठली होती. पुस्तकं त्यानं घोकली होती. डिझेल इंजिनाची आकृती तो डोळे मिटून काढू शकत होता. कुणी सांगावं, खऱ्या इंजिनासमोर बसलं की सगळं आपोआप जुळूनही येईल. निदान हात तरी लावायला मिळेल. इथे कुठला शिपाई होता?

सगळी वरात बंदरावर आली. बाकीच्या होड्यांना पताका लागल्या होत्या, पोरं ढोलकी बडवत होती. सिताराम नेहमीसारखा काठावर थांबला. दिलीप पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलातून होडीवर चढला, किसननं हत्यारांचा डबा वर दिला आणि स्वतःही चढला.

दिलीपनं इंजिनावरचं गोणपाट काढलं. दोन वर्षं ज्याच्या नुसत्या आकृत्या काढल्या ते समोर होतं, गंजलेलं, तेलकट, गार. त्यानं बोटानं एकेक भाग ओळखला आणि मनातल्या मनात नावं घेतली. नावं सगळी बरोबर होती. हवा आत येते, दाबली जाते, डिझेल पेट घेतं, धूर बाहेर जातो. इथपर्यंत त्याला सगळं येत होतं. मग त्यानं हँडल लावलं आणि मारलं. इंजिन खोकल्यासारखं एकदा हललं आणि गप्प झालं. त्यानं पुन्हा मारलं, हँडल उलटं फिरून मनगटावर आदळलं. किसननं विचारलं, आता काय उघडायचं? दिलीपनं एक नट दाखवला, त्याला पाना बसेना, दुसरा घेतला, तो बसला. नट सुटला आणि डिझेलची धार त्याच्या पांढऱ्या शर्टवर आली. ती बंद कशी करायची हे पुस्तकात नव्हतं. किसननंच चिंधी कोंबून ती थांबवली.

काठावरून सिताराम हसून सगळ्यांना सांगत होता, मोठं मशीन चालवनाऱ्याला हे खेळन्यातलं वाटतंय, जरा टाइम लागनार. ते दिलीपला ऐकू आलं. तो आणखी एक नट सोडायला वाकला, आणि त्याच्या लक्षात आलं की आपण हे सगळं का उघडतोय तेच आपल्याला माहीत नाही.

जयदेव चिखलात उतरून होडीला टेकला आणि हळूच म्हणाला की बेलापूरचा मिस्त्री आणतो, कोनाला काय कलनार नाय. थोरल्या भावाचा हा पहिलाच दिलासा होता. दोन वर्षं जो तोंडावर बोलायचा तो आज झाकायला निघाला होता. दिलीपला त्यानं रडूच आलं.

“नको दादा,” तो म्हणाला आणि पाना खाली ठेवून काठावर आला.

“बाबा, मला येत नाही.”

“आरं, नाय तर नाय. जुनं मशीन हाय. गंजलं आसंल.”

“मशीन गंजलंय म्हणून नाही. मला शिकवलंच नाही. आमच्या कॉलेजात मशीनच नाही, बाबा. फोटोतलं भाड्याचं होतं. तपासणी झाली, घेऊन गेले.”

ढोलकी वाजतच होती. सितारामला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

“मंग दोन वर्सांत तू मशीन कवा खोललंस?”

“आज.”

देवांच्या शेजारची ती चौकट शांतीच्या डोळ्यांसमोर आली असणार, कारण ती एवढंच म्हणाली की मी रोज फूल ठेवत होते रे. दिलीपला हे सगळ्यात जास्त लागलं. बाबा ओरडले असते तर त्याला बरं वाटलं असतं.

पण सिताराम ओरडला नाही. तो पाण्याकडे बघत सावकाश, जणू व्यवहाराचं बोलावं तसं बोलायला लागला. कागद तर मिळतो ना, त्यानं विचारलं. चार वर्षं झाली की सही-शिक्क्याचा कागद हातात पडतो ना? मग शिकणं काय, नोकरी लागल्यावर होईल. एवढं घातलंय ते मधेच पाण्यात सोडायचं नाही. होडी गेली ती काय उगाच गेली? बोलता बोलता तो बहिणीकडे वळला आणि ज्या शब्दांसाठी सकाळपासून तोंड उघडत नव्हतं ते शब्द त्यानं बोलून टाकले. जमुने, तुज्या पाटल्या दे, दोन वर्सांनी हाच पोऱ्या सोडवून देईल.

जमुनेनं उत्तर द्यायच्या आत जयदेव मधे पडला.

“द्यायच्या नाय, आत्या.” तो बापाकडे वळला. “बाबा, आमच्या कंपनीत असाच एक सायेब आला. कागदवाला. माजा जोडीदार म्हनाला, सायेब, हा व्हॉल्व नका खोलू. सायेबानं खोलला. जोडीदाराचा हात कोपरापत्तर भाजला. सायेबाला दुसरीकडं नोकरी लागली. ह्याला तुमी तसला सायेब करनार?”

“माज्या पोराला नावं ठेवतोस?”

“मी त्याला नावं नाय ठेवत. तो खरं बोलला म्हनून सांगतोय. मना वाटायचं हा तिथं मजा मारतोय. जल जल जलायचो मी याच्यावर.”

किसनलाही तोंड फुटलं. मामा, मी बाजारात बघतो ना, त्यानं सुरुवात केली. खाली सडका कांदा आणि वर चांगला लावून गोण शिवली तर गिऱ्हाईक गोण परत आणून टाकतो, भांडतो. ह्या साहेबांच्या दारात कोण गोण परत नेणार? दिलीपनं सांगितलं की दोघातिघांच्या बापांनी देणगी परत मागितली होती, तर साहेब म्हणाले दानाची पावती दान परत करायला नसते. आणि ते म्हणताना साहेब तसेच हसले होते, चहा पाजताना हसले होते तसे.

सितारामच्या बाजूनं आता कोणी उरलं नव्हतं. त्यानं शांतीकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली होती. बिचारा सिताराम. त्याची मागणी तरी काय मोठी होती? आपल्यामागं भरतीओहोटीवर जगायला नको, पोरानं सावलीत बसून काम करावं, एवढंच. ते एवढंसं विकणारा त्याला बरोबर भेटला होता.

“म्हंजे होडी बी गेली,” तो म्हणाला, “आनि इंजिनेर बी गेला.”

जमुना पुढे आली. तिनं आधी दिलीपचा हात धरला. तो काळाकुट्ट झाला होता, मनगट सुजलं होतं. तिनं आपल्या पदरानं ते पुसायला घेतलं.

“तुना अजून शिकायचं हाय काय रं?”

“हाय, आत्या.” घरात तो कॉलेजची भाषा बोलायचा, आता ती कुठल्या कुठे गेली. “लई हाय. दोन वर्सं फटीतून बगतोय मी. कोनीतरी सांगावं, हे असं खोलतात, असं लावतात. बस्स. मना दुसरं काय बी नको होतं.”

“मंग शिक. ज्याला येतं त्याच्याकडनं शिक.”

जयदेवनं आयटीआयचं नाव काढलं, तिथे खरी मशीनं आहेत, त्याच्या कंपनीतली चार पोरं तिथूनच आली. दहावी झालेल्या पोरांच्या रांगेत बसावं लागेल, पुढच्या वर्षापर्यंत थांबावं लागेल. चालेल, दिलीप म्हणाला. गावात इंजिनीअर म्हणून मिरवलेल्या पोराला हे चालेल म्हणणं किती जड गेलं असेल ते ज्याचं त्यानं ओळखावं, पण तो लगेच म्हणाला.

मग जमुना भावाकडे वळली. भरती पुरी होत आली होती, पताकांच्या होड्या एकेक करून सुटत होत्या.

“दादूस, माजी ओवाळनी राहिली.”

“लुगडं घे ना. तेवढंच हाय आता माज्याकडं.”

“लुगडं नको म्हनलं ना. मशीनवर नाय तर वल्ह्यावर. पन नारल माज्याच होडीतनं सुटनार, आनि सुकानूवर तू बसनार. किसनला होडी नको, मना विकायची नाय. आजपासून तू चालव. मासली मिलंल ती मिलंल.”

“विकलेल्या होडीवर मी पाय ठेवत नाय.”

“विकलेली तुजी हाय. मी घेतलेली हाय ती माजी. माज्या होडीवर मी बोलावते. बहिनीच्या घरात येत नाय काय तू? ओवाळनीला नाय म्हनशील?”

राखी बांधलेला हात सितारामनं एकदा दुसऱ्या हातानं धरला, सोडला. मग त्यानं वहाणा काढल्या, बाजूबाजूला नीट ठेवल्या, धोतर वर खोचलं आणि चिखलात उतरला. होडीच्या कडेला हात लावल्यावर तो थबकला, वाकून कपाळ तिला टेकवलं, आणि दोन वर्षांनी वर चढला.

किसननं आणि जयदेवनं होडी ढकलली. नारळ शांतीच्या मांडीवर होता, जमुना तिच्या शेजारी. दिलीपनं वल्हं घेतलं. मनगट ठणकत होतं, पण तो वल्हवत राहिला. इंजिन मधे तसंच उघडं पडलं होतं. बंदर मागे गेलं, वाऱ्याला खारा वास आला, तेव्हा त्यानं सहज मान वर करून सुकाणूकडे पाहिलं.

बाबा हसत नव्हते. पण त्यांची पाठ ताठ झाली होती, डोळे बारीक करून ते पाण्याचा अंदाज घेत होते, आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणत होते. लहानपणी दिलीप त्यांच्या पायाशी बसून यायचा तेव्हा ते असंच गुणगुणायचे. गेली दोन वर्षं घरात हा माणूस नव्हताच, हे त्याला आत्ता कळलं. आपल्या शिक्षणासाठी होडी गेली एवढंच त्यानं धरलं होतं. बाबाही तिच्याबरोबर गेले होते, आणि आपण नापास ठरलो म्हणून आज परत आले. यावर खूश व्हावं की रडावं हे त्याला कळेना, म्हणून तो दोन्ही करायला लागला, आणि वल्ह्याचा ताल चुकला.

“बगतोस काय,” सिताराम म्हणाला. “डावीकडं जोर लाव. मी सांगतो तसं.”

दिलीपनं डावीकडं जोर लावला.